नव्या लॅपटॉपला जुन्या यंत्राचा थाट: रेडियम, लाकूड की पितळ?

लॅपटॉपची वॉरंटी संपली आहे, मशीन अजून धडधाकट आहे, पण त्या राखाडी झाकणाचा कंटाळा आलाय. त्याला जुन्या यंत्राचं रूप द्यायचं तर बडोद्यात तीन रस्ते सहज सापडतात. नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानातून छापील व्हिनाइल चिकटवून घ्यायचं, ओळखीच्या मिस्त्रीकडून खऱ्या लाकडाचं व्हिनियर बसवून घ्यायचं, किंवा पितळी पत्रा कापून लावायचा. चामडं, रंग आणि नुसता कीबोर्ड बदलणं या आडवाटा.

माझं मत आधीच सांगून टाकते. सजावट झाकणाच्या बाहेरच्या बाजूपुरती ठेवा, आणि बोटांनाही जुनं काही हवं असेल तर वेगळा कीबोर्ड घ्या. आत, कीबोर्डच्या आजूबाजूला, काहीही चिकटवू नका.

पण आधी ठरवायचं ते हे की जुनं म्हणजे कधीचं. दुकानात “व्हिंटेज काहीतरी दाखवा” म्हटलं की दातेरी चक्रं, होकायंत्र, नकाशा, गुलाब आणि आयफेल टॉवर असं सगळं एकाच शीटवर समोर येतं. ते घेऊ नका. निदान तीन वेगळी जुनेपणं आहेत आणि प्रत्येकाला वेगळं साहित्य लागतं.

पहिलं पितळ आणि शिसवीचं. हा खरं तर घडलाच नाही असा भूतकाळ. वाफेच्या इंजिनाच्या काळात लॅपटॉप कुठला? या शैलीला स्टीमपंक म्हणतात. २००७ मध्ये रिचर्ड नेगी या अमेरिकी कारागिराने ‘डेटामॅन्सर’ या नावाने बनवलेला लॅपटॉप इंटरनेटवर खूप गाजला: लाकडी पेटी, कोरीव पितळ, मनगटाखाली चामडं, आणि घड्याळाला देतात तशी चावी फिरवली की मशीन चालू. जेक फॉन स्लॅट या दुसऱ्या स्टीमपंक कारागिराने त्याच सुमारास आयबीएमच्या जुन्या मॉडेल एम कीबोर्डला पितळी साज चढवला. ही दोन्ही कामं भावतात कारण त्यांतला प्रत्येक स्क्रू काहीतरी धरून ठेवतोय. कशालाच न अडकणारी चक्रं गोंदाने डकवली की तो शाळेतला प्रोजेक्ट होतो.

दुसरं टाइपरायटरचं. गोदरेजने १९५५ साली भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वकिलांच्या घरी माळ्यावरून एखादा अजूनही खाली उतरतो. त्याची ओळख पितळ नव्हे; जाड पत्रा, मंद रंग आणि कामापुरता आकार. इथे रंग किंवा मॅट व्हिनाइल शोभतं.

तिसरं ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरचं: १९८१ चा आयबीएम पीसी, १९८४ चा मॅकिंटॉश, तो बिस्किटी रंग. हे सगळं प्लॅस्टिकचं जग, त्यामुळे त्यावर लाकूड लावलं तर सोंग वाटतं. काही हौशी मंडळी तर पिवळट पडलेला बिस्किटी रंगच मागतात. तो पिवळेपणा मूळचा नव्हता. त्या प्लॅस्टिकमध्ये आगीला अटकाव करणारी ब्रोमीनची रसायनं असायची आणि उजेडाने ते पिवळं पडत गेलं. ज्यांच्याकडे खरी जुनी मशीन आहेत ते हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते घालवायच्या मागे असतात, आणि आपण इथे तोच रंग छापून मागायचा!

आता लॅपटॉपला काय चालतं ते बघू. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड यांत जागा जवळजवळ नसतेच. कॅमेऱ्यावर झाकणी लावायची असेल तर अ‍ॅपलने मॅकबुकसाठी सांगितलेली मर्यादा ०.१ मिलिमीटर आहे, म्हणजे प्रिंटरच्या एका साध्या कागदाएवढी. त्याहून जाड काही मध्ये ठेवून झाकण दाबलं तर स्क्रीन तडकू शकते. कळांवर चिकटवायच्या गोल काचेरी टिकल्या आणि हाताखालच्या पितळी पट्ट्या म्हणूनच माझ्या यादीतून बाद. वायफायचा अँटेना बहुधा स्क्रीनच्या चौकटीत किंवा बिजागरीपाशी असतो. त्याच्यावर धातू आला की सिग्नल मार खातो. झाकण मिटलंय हे बहुतेक मशीनना चुंबकावरून कळतं, तेव्हा चुंबकी बकल असलेलं चामडी कव्हर चुकीच्या जागी टेकलं तर चालू काम सोडून लॅपटॉप झोपी जातो. आणि तळाच्या जाळ्या झाकायच्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

खरी लढत रेडियम आणि व्हिनियर यांच्यात आहे.

रेडियमवाल्याकडे काम तासाभरात होतं, खर्च काही शे रुपयांत आटोपतो, आणि कंटाळा आला की हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन एका कोपऱ्यापासून सावकाश सोलून काढता येतं. उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निघतो. कामापूर्वी त्याला दोन गोष्टी बजावा. एक, लॅमिनेशन मॅट हवं; चकचकीत थर आला की जुनेपण तिथेच संपलं, शिवाय बोटांचे ठसे. दुसरी, कापणी प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून चालणाऱ्या कापणी यंत्रावर, झाकणापेक्षा सगळीकडून एखादा मिलिमीटर लहान करून. काही जण शीट आधी चिकटवतात आणि मग कडेने ब्लेड फिरवतात. ते ब्लेड झाकणावर कायमची रेघ ओढून जातं. हीट गन तर काढूच देऊ नका. ती गाडीच्या बंपरसाठी ठीक आहे, इथे पत्र्याच्या लगेच मागे स्क्रीन आहे.

व्हिनाइलची खोट उजेडात कळते. दुपारच्या उन्हात, खिडकीशी, दोन्ही झाकणं तिरकी धरून पाहा. खऱ्या सागवानी व्हिनियरमध्ये रेषा उजेडाबरोबर हलतात: आत्ता गडद दिसलेला पट्टा झाकण जरा कललं की फिका होतो आणि शेजारचा फिका पट्टा तांबूस उजळतो. छापील लाकूड ढिम्म. कितीही चांगलं छापलेलं असो, ते कुठल्याही कोनातून एकच चित्र दाखवतं. बोट फिरवलं तर फरक आणखी स्पष्ट होतो. त्यामुळे लाकडाचा आभास हवा असेल तर रेडियम घेऊ नये असं मला वाटतं. पण टाइपरायटरचा राखाडी-हिरवा, बिस्किटी, एखादी जुन्या धाटणीची पट्टी, कोपऱ्यात छोटं नाव, अशा सपाट रंगाच्या कामाला रेडियमसारखं दुसरं काही नाही.

व्हिनियर म्हणजे खऱ्या लाकडाचा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा पापुद्रा. चौदा इंची लॅपटॉपचं झाकण साधारण ३१ बाय २२ सेंटिमीटर धरा, तर वजन वीस-पंचवीस ग्रॅमच वाढतं. बिजागरीला पत्ताही लागत नाही. अडचण आहे ती चिकटवण्यात. मिस्त्री सवयीने पांढरा फेव्हिकॉल काढेल. पाण्याचा तो गोंद धातूला नीट धरत नाही आणि पातळ व्हिनियर त्याने वळतं. दुसरा डबा उघडेल तो रबरी सोल्यूशनचा. त्यातलं सॉल्व्हंट काही प्लॅस्टिक खातं. दुहेरी चिकट फिल्मची अखंड शीट किंवा मागे कागद आणि चिकटा लावूनच येणारं व्हिनियर, हे दोनच प्रकार मला पटतात. याहून शहाणपणाची युक्ती अशी: तुमच्या मॉडेलचं अडकवायचं पारदर्शक हार्ड केस मिळत असेल तर व्हिनियर त्याच्यावर बसवा. लॅपटॉप शाबूत, आणि मन बदललं तर केस काढून ठेवायचं. मॅकबुकला अशी केसेस सर्रास मिळतात, बाकीच्यांना शोधावी लागतात.

पॉलिशचा प्रश्न मजेशीर आहे. जुन्या बडोदेकर घरातल्या कपाटांवर आणि झोपाळ्यांवर आपण पाहतो ती ऊबदार तांबूस चमक चपड्याची, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची. दिसायला त्याला तोड नाही. पण चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो, याचाच दुसरा अर्थ असा की सॅनिटायझरचा ओला हात झाकणावर पडला की तिथे डाग पडतो. रोज बॅगेतून बाहेर निघणाऱ्या लॅपटॉपला मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश बरं. मॅट सांगितलं तर फार प्लॅस्टिकसारखं दिसत नाही. पॉलिश चिकटवण्याआधी करून घ्या, म्हणजे पोर्टमध्ये फवारा जाणार नाही. कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित गोल करायला सांगा, नाहीतर बॅगेच्या अस्तरात अडकून पहिल्या महिन्यातच टवका उडतो.

आणि पाऊस. बडोद्यात मे महिन्यात लाकूड सुकून आकसतं आणि जुलैत फुगतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने. कडा सीलबंद नसतील तर तिथूनच सुटायला लागतात. रोज स्कूटरवरून पाठीवर लॅपटॉप नेणाऱ्या विद्यार्थ्याला मी व्हिनियर सुचवणार नाही. घरी टेबलावर बसून काम करणाऱ्याला मात्र डोळे मिटून.

इथे कोणीतरी लाखेच्या रंगीत लाकूडकामासाठी प्रसिद्ध असलेल्या संखेड्याचं नाव काढतंच. बडोद्यापासून जवळच असल्यामुळे मोह होणार. पण संखेड्याच्या कामाची गंमत लेथवर आहे. खरादी, म्हणजे लेथवर काम करणारे, कारागीर सागवानी दांड्यावर कलईची (कथिलाची) नक्षी कुंचल्याने रंगवतात, मग दांडा फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि तिच्या पारदर्शक थराखाली रुपेरी कलई सोनेरी दिसू लागते. लॅपटॉपचं झाकण लेथवर फिरवायचं कसं? सपाट पाटीवर मिळेल ती रंगवलेली नक्षी किंवा तशी छपाई. ती वाईट नाही, मरून-सोनेरी छानच दिसतं, पण तिला संखेडा म्हणून पैसे मोजू नका. त्याऐवजी लॅपटॉप उंच ठेवायला लेथवर उतरवलेले चार बुटके पाय करून घ्या. ते खरं संखेडा, आणि तळाला हवाही खेळती राहील.

पितळाबद्दल थोडक्यात. अर्ध्या मिलिमीटरचाच पत्रा पूर्ण झाकणाला लावला तर वजन तीनशे ग्रॅमच्या घरात जातं. स्क्रीन वरच्या बाजूने जड झाली की बिजागरी सैल पडायला लागते, मांडीवर घेतलेला लॅपटॉप मागे कलंडतो. प्लॅस्टिकच्या झाकणाखाली अँटेना असेल तर वायफायचंही वाटोळं. शिवाय घाम लागून पितळ काळं पडतं आणि दर पंधरवड्याला ब्रासो घेऊन बसावं लागतं. हे काम देवाच्या उपकरण्यांपुरतं ठीक आहे. म्हणून पितळ हवंच असेल तर व्हिनियरवर चार कोपऱ्यांना बारीक कोपरे आणि मध्ये कोरलेली एक छोटी पाटी, बस. कोपऱ्यांच्या कडा कानशीने घासून घ्या, नाहीतर बॅगही फाटेल आणि बोटही. मांडवीतल्या सेंट्रल लायब्ररीतल्या पोलादी मांडण्या आणि काचेची जमीन पाहिली असेल तर कळेल मला काय म्हणायचंय: तिथे धातू मिरवायला लावलेला नाही, त्याच्यावर पुस्तकांचा भार आहे.

चामडं हाताला छान लागतं, पण ते उष्णता धरून ठेवतं. धातूच्या बॉडीचे लॅपटॉप अंगानेच थोडी उष्णता बाहेर सोडतात, त्यांना सगळीकडून चामड्यात गुंडाळू नये. बाही म्हणून, म्हणजे काम नसताना आत सरकवायला, उत्तम. आणि स्प्रे पेंट? घरच्या गच्चीवर स्वतः मारायचा विचार असेल तर सोडा. मास्किंगमधून, म्हणजे झाकायला लावलेल्या चिकटपट्टीतून, सुटलेला एक थेंब पोर्टमध्ये गेला की खर्च सजावटीच्या पलीकडे जातो, आणि मागे फिरायची सोय नाही.

लॅपटॉप कंपनीचा असेल तर चर्चाच नको: हार्ड केस, नाहीतर फक्त पडद्यावरचं जुनेपण. ते फुकट आहे आणि लोक त्याला उगाच कमी लेखतात. लिनक्सवर कूल-रेट्रो-टर्म हा टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) जुन्या मॉनिटरसारखा हिरवा किंवा अंबर रंगात थरथरतो. विंडोज टर्मिनलमध्येही तसा परिणाम चालू करता येतो. लिहिणाऱ्यांसाठी फोकसरायटर हे लेखनाचं अ‍ॅप आहे, त्यात कळ दाबली की टाइपरायटरचा आवाजही येतो. झाकण लोकांना दिसतं, स्क्रीन दिवसभर आपल्याला दिसते.

पैसे थोडे जास्त घालायची तयारी असेल तर माझा कौल झाकणापेक्षा कीबोर्डला. गोल कळांचा मेकॅनिकल कीबोर्ड वेगळा जोडला तर लॅपटॉपला कुठेच हात लावावा लागत नाही आणि लॅपटॉप बदलला तरी तो पुढे चालतो. कळेखालच्या स्विचचे प्रकार रंगाने ओळखतात: निळ्या स्विचचा आवाज टाइपरायटरच्या सगळ्यात जवळचा, पण रात्री शेजारच्या खोलीत कोणी झोपत असेल तर तपकिरी घ्या. बोटाला टप्पा जाणवतो आणि खटखट कमी होते. गोल कळांमधली मोकळी जागा पहिले काही दिवस बोटांना चुकवते, त्यामुळे भराभर टाइप करणाऱ्यांनी आधी दुकानात दोन परिच्छेद टाइप करून पाहावेत. कळांवर देवनागरी अक्षरं हवी असतील तर ऑर्डर देताना इनस्क्रिप्ट की रेमिंग्टन, यांपैकी कुठली अक्षरमांडणी हवी, हे स्पष्ट लिहून द्या. दोन्ही मांडण्यांत अक्षरांच्या जागा वेगळ्या आहेत, आणि एकदा छापून आलेला सेट सहसा परत घेत नाहीत.