कोआला बघायचाय: हील्सव्हिल की रेमंड आयलंड?

मेलबर्नला लेकाकडे निघालेल्या मावशीने विचारलं, कोआला बघायला कुठे जाऊ?

अंतर: हील्सव्हिलचं प्राणिसंग्रहालय तासाभरावर. रेमंड आयलंड या बेटासाठी पेन्सव्हिल गावापर्यंत जवळजवळ 300 किलोमीटर, तिथून फेरीबोट. एका दिवसात जाऊन-येऊन करणं म्हणजे शिक्षाच.

खर्च: हील्सव्हिलला तिकीट. बेटावर प्रवेश फुकट, पायी जाणाऱ्यांना फेरीबोटही फुकट. पण पेट्रोल आणि मुक्काम धर.

दिसण्याची खात्री: हील्सव्हिलला पक्की, वर बदकासारख्या चोचीचा प्लॅटिपसही. बेटावर 1953 मध्ये आणून सोडलेल्या कोआलांचे वंशज रस्त्याकडेच्या निलगिरीवर बसलेले असतात, फक्त मान वर करून शोधायचे.

वागणूक: निलगिरीच्या पानांत पोषण कमी आणि विषारी द्रव्यं भरपूर, त्यामुळे हा प्राणी दिवसाचे 18 ते 20 तास झोपतो. म्हणजे दोन्हीकडे बहुधा झोपलेलाच दिसणार! खरी हालचाल अंधार पडल्यावर. विणीच्या हंगामात नराचं डुकरासारखं घुरघुरणंही तेव्हा ऐकू येतं, पण हील्सव्हिल पाचलाच बंद होतं.

कडेवर घेऊन फोटो? व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, परवानगीच नाही.

तर मावशी, एकच दिवस आणि बरोबर नातवंडं असतील तर हील्सव्हिल. एक रात्र काढता आली तर बेट, तेही विणीच्या हंगामात, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.