टॅगलिटची फुकट इस्रायल ट्रिप: मनात शंका असतील तर जावं का?

आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, पोरापोरींकडून हा प्रश्न सारखा येतो म्हणून एकदाच नीट लिहितेय. टॅगलिट बर्थराइट हा ज्यू तरुणांना फुकट इस्रायल दाखवणारा कार्यक्रम १९९९ ला सुरू झाला, चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकल स्टाइनहार्ट या दोघांनी पुढाकार घेतला आणि आज पैसा येतो तो देणगीदार आणि इस्रायल सरकार यांच्याकडून. १८ ते २६ वय, आईवडिलांपैकी एक तरी ज्यू, आणि मग साधारण १० दिवस विमान, हॉटेल, बस, गाईड सगळं त्यांचं.

पप्पांचा पहिला प्रश्न होता, "फुकट कोण कोणाला देतं गं?" प्रश्न रास्त आहे. जगभरच्या ज्यू तरुणांचं इस्रायलशी नातं जुळावं हा हेतू ते उघड सांगतात, त्यामुळे तो धरूनच निघायचं.

माझी खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरी वारसा म्हणजे अलिबागजवळचं नवगाव, जहाज फुटून वाचलेली आपल्या पूर्वजांची सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, नवस फिटला की एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा. मग "हेरिटेज" बघायला जेरुसलेमला कशाला जायचं, कोकणातच आहे की सगळं! त्यात आजीची बहीण ६० च्या दशकात तिथे होती, तिच्याकडून ऐकलेलं की तिथल्या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, आपल्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली, पिढ्यान्‌पिढ्यांचे पुरावे मागितले, आपले लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले तेव्हा कुठे १९६४ मध्ये क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव केला की बेने इस्रायल पूर्ण ज्यू आहेत. हे ऐकून वाढलेल्या मुलीला तिथे जाऊन "घरी आल्यासारखं" का वाटावं? आणि तिसरं म्हणजे पॅलेस्टिनी लोकांचं काय, हा प्रश्न. तो फक्त माझाच नाही, २०१८ मध्ये काही अमेरिकन मुली याच कारणाने ट्रिप मध्येच सोडून वेस्ट बँकमधल्या हेब्रॉन या पॅलेस्टिनी शहरात गेल्या होत्या.

तरी गेले, आणि जा असंच सांगेन.

मसाडा या वाळवंटातल्या डोंगरी किल्ल्यावर पहाटे अंधारात चढायला लावतात, चढ दमवतो, पण वर पोचल्यावर खाली मृत समुद्रावर उजाडताना दिसतं आणि बसमध्ये अखंड बडबडणारा अख्खा ग्रुप गप्प होतो. याद वाशेम या जेरुसलेममधल्या होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) स्मृतिस्थळातलं लहान मुलांचं स्मारक मात्र मी अजून विसरू शकत नाही. आत काळोख, थोड्याशा मेणबत्त्या आरशांत परावर्तित होऊन हजारो झाल्यासारख्या दिसतात, आणि एक आवाज संथपणे नाव, वय, देश वाचत राहतो. आपल्या लोकांना भारतात कधी असा छळ सोसावा लागला नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याचा अर्थ तिथे कठड्याला धरून चालताना कळला. सोबत काही दिवस इस्रायली मुलं असतात, बरीचशी सैन्यातली, त्यांना मी थेट वेस्ट बँकबद्दल विचारलं, तर त्यांच्यातच आपापसात जोरदार वाद झाला, आणि तो वाद मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त शिकवून गेला.

आता कमी काय ते. टॅगलिटच्या ट्रिप्स वेगवेगळ्या संस्था चालवतात, आमच्या संस्थेचं नाव लिहीत नाही, पण त्यांच्या कार्यक्रमात पॅलेस्टिनी माणसाशी बोलणं नव्हतं आणि आपल्या लोकांचा उल्लेख जवळजवळ नाहीच. वेळापत्रक इतकं घट्ट की विचार करायला उसंत मिळत नाही. म्हणून माझा आग्रह एकच, परतीचं तिकीट पुढे ढकलायची सोय आधीच विचारून घ्या, तो राहायचा खर्च आपला असतो, पण तेच दिवस खरे तुमचे.

मी दक्षिण इस्रायलमधल्या डिमोना गावाला गेले, तिथे आपली खूप कुटुंबं आहेत. ज्या मावशींकडे उतरले त्यांनी दारातच "जेवलीस का?" विचारलं, नातवंडांना हिब्रूत दटावलं आणि मला मराठीत वाढलं, आमटीत अलिबागहून आलेलं कोकम होतं. १९६४ च्या धरण्याबद्दल विचारलं तर हातातलं काम ठेवून तासभर बोलत बसल्या, राग अजून ताजा आहे आणि तरी देश त्यांचा आहे, दोन्ही एकाच वेळी. माझ्या शंका त्यांना सांगितल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "घेऊन यायच्या बरोबर, त्यांना कुठे वेगळं तिकीट लागतं."

सुरक्षिततेचं मात्र घरच्यांशी बसून बोला. ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर ट्रिप्स थांबल्या होत्या, २०२४ मध्ये परत चालू झाल्या, आणि जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटल्यावर अडकलेल्या मुलांना जहाजाने सायप्रसला काढावं लागलं. आईवडील घाबरले तर ते उगाच नाही, तारीख पुढची घ्या.

आणि डिमोनाला शुक्रवारी जाणार असाल तर दुपारच्या आत पोचा, नंतर शब्बाथमुळे (शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस) बस बंद होतात.