जर्मनीचं अपॉर्च्युनिटी कार्ड: पैसे आणि एक वर्ष घालावं का?

1 जून 2024 पासून जर्मनीने हाती नोकरी नसतानाही देशात येऊन नोकरी शोधण्याची परवानगी द्यायला सुरुवात केली. तिचं जर्मन नाव शान्सेनकार्टं, आपल्याकडे सगळे अपॉर्च्युनिटी कार्ड म्हणतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. त्या वर्षात आठवड्याला 20 तासांपर्यंत कोणतंही काम करता येतं, आणि एकेका कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणी म्हणून काम करून पाहता येतं. सेवा म्हणून याला पाचपैकी साडेतीन देऊ. नियम स्पष्ट आहेत आणि सरकारी माहिती चांगली आहे. दीड गुण कापला तो तिथे पोचल्यावरच्या कारभारासाठी.

मागणी का वाढली हे उघड आहे. अमेरिकेत भारतीयांची ग्रीन कार्डाची रांग दशकांची आहे, आणि सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क आलं. जर्मनीत ब्ल्यू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीच्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली की 27 महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, जर्मन बी-1 पातळीचं असेल तर 21 महिन्यांत (भाषेच्या पातळ्या ए-1 पासून सी-2 पर्यंत चढत जातात, बी-1 मधली). नागरिकत्वाची अट पाच वर्षांची. तीन वर्षांची जलद वाट ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाली, तरी वेळापत्रक माणसाच्या हिशेबात बसणारं आहे. 2024 मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं, आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राचा मनुष्यबळाचा करारही त्याच वर्षीचा. थोडक्यात, दार उघडं आहे. प्रश्न आहे तो दारातून आत गेल्यावर वर्ष पुरतं का, हा.

गुण मोजण्याआधी पदवी तपासा

कार्डासाठी वय, अनुभव, भाषा अशा गोष्टींचे गुण मिळतात. बहुतेक जण थेट ते मोजायला बसतात, आणि बरेच एजंट गुण मोजून देण्याचेच पैसे घेतात. पण कार्डाला दोन रस्ते आहेत. तुमची पदवी जर्मन पदवीशी पूर्ण समकक्ष ठरत असेल तर कायद्याच्या भाषेत तुम्ही आधीच ‘कुशल’ आहात. मग गुणही लागत नाहीत आणि भाषेची अटही लागत नाही, फक्त वर्षभराच्या खर्चाचा पुरावा लागतो. पुणे किंवा मुंबई विद्यापीठातून चार वर्षांचं बीई केलेल्यांनी आधी हेच पाहावं.

तपासायची जागा म्हणजे अनाबिन ही सरकारी यादी. तिच्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या. एक, विद्यापीठ: त्याच्यापुढे ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त असल्याचा शेरा, हवा. दोन, नेमकी पदवी: तिच्यापुढे समकक्ष असल्याचा शेरा हवा. दोन्हींची प्रिंट अर्जाला जोडायची. इथे नेहमीची चूक होते ती कॉलेजचं नाव शोधण्याची. पदवी ज्या विद्यापीठाने दिली त्याचं नाव शोधायचं असतं. विद्यापीठापुढे ‘एच प्लस-मायनस’ असेल किंवा पदवी यादीतच नसेल, तर बॉनच्या झेडएबी या कार्यालयाकडून समकक्षतेचा दाखला घ्यावा. फी 208 युरो, अर्ज ऑनलाइन. वेळ लागतो, म्हणून सर्वांत आधी हेच काम हाती घ्यावं.

दाखला घेण्याचं आणखी एक कारण आहे. गुणांच्या रस्त्याला पदवी भारतात मान्य असली की पुरते, किंवा किमान दोन वर्षांचा मान्य व्यावसायिक अभ्यासक्रम चालतो. पण नंतर नोकरी मिळाल्यावर ब्ल्यू कार्डासाठी बहुतेक पेशांत समकक्ष पदवीच लागते. म्हणजे गुणांवर कार्ड मिळालेला माणूस हातात ऑफर असूनही पुढच्या खिडकीवर अडकू शकतो. आयटीआय केलेल्यांनी ट्रेडची मुदत नीट पाहावी: फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे आहेत, वेल्डर एका वर्षाचा, आणि एका वर्षाचा ट्रेड या अटीत बसत नाही.

सहा गुण कसे जमतात, कुठे हुकतात

ज्यांना गुणांचा रस्ता धरावा लागतो त्यांना जर्मन ए-1 किंवा इंग्रजी बी-2 ही किमान अट आहे, आणि त्यावर सहा गुण हवेत. वय 35 पर्यंत असेल तर 2, त्यापुढे 40 पर्यंत 1. गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा अनुभव असेल तर 3, गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा असेल तर 2. जर्मन ए-2 ला 1, बी-1 ला 2, बी-2 ला 3. इंग्रजी सी-1 ला 1. टंचाईच्या पेशातली पदवी असेल तर 1, आणि तिथल्या यादीत इंजिनिअरिंग व आयटी आहेत. गेल्या पाच वर्षांत सलग किमान सहा महिने जर्मनीत शिकायला किंवा कामाला राहिला असाल तर 1. जोडीदारही पात्र असून सोबत अर्ज करत असेल तर 1. पात्रतेला अंशतः मान्यता मिळाली असेल तर एकदम 4.

एक उदाहरण धरा. बीबीए, मार्केटिंगमध्ये आठ वर्षं, वय 37, इंग्रजी बी-2, जर्मन ए-2. वयाचा 1, अनुभवाचे 3, जर्मनचा 1. बेरीज पाच, आणि अर्ज तिथेच संपला. हाच माणूस बी-1 पास झाला की सहा. वय मागे नेता येत नाही, अनुभव एका रात्रीत वाढत नाही. हातात असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे भाषा.

अनुभवाच्या गुणांत आपल्याकडची एक खास अडचण आहे. अनुभव पदवीशी संबंधित हवा, अशी अट आहे. मेकॅनिकलची पदवी घेऊन हिंजवडीत टेस्टिंग किंवा सपोर्टमध्ये सहा वर्षं काढलेले कितीतरी आहेत. त्यांच्या तीन गुणांवर अधिकारी प्रश्न उभा करू शकतो. अशांनी अनुभवपत्रात फक्त पद आणि तारखा घेऊन चालत नाही. कोणत्या क्षेत्रातल्या ग्राहकासाठी, कोणत्या यंत्रणेवर, नेमकं काय काम केलं हे कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्यावं. वाहन कंपनीच्या प्रकल्पावर काम केलं असेल तर तो दुवा कागदावर स्पष्ट दिसायला हवा.

पैशाचा हिशेब

महिन्याला 1,091 युरो याप्रमाणे वर्षाचे 13,092 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधी भरावे लागतात. हा 2025 चा आकडा, आणि भरण्याआधी वकिलातीच्या पानावर चालू आकडा पाहावाच. तिथे गेल्यावर यातून दरमहा ठरलेला हप्ताच सुटतो. व्हिसाची फी 75 युरो वेगळी.

युरो 100 रुपये धरला तरी ही रक्कम 13 लाख 9 हजार होते, आणि इथे बँक एक धक्का देते. एका आर्थिक वर्षात 10 लाखांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे बँकेने आगाऊ गोळा केलेला कर, कापला जातो. शिक्षणाला सवलतीचा दर आहे, नोकरी शोधायला नाही. म्हणजे वरच्या 3 लाख 9 हजारांवर सुमारे 62 हजार रुपये जास्तीचे तयार ठेवावे लागतात. ते विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात किंवा करात वळते होतात, पण तोवर अडकून राहतात. वेळापत्रक जुळत असेल तर काही रक्कम मार्चअखेर आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवणं हा सरळ आणि कायदेशीर मार्ग आहे.

1,091 युरोंत कुठे भागतं? म्युनिकमध्ये सामायिक घरातल्या एका खोलीलाच आठशेच्या आसपास जातात, मग उरतं ते प्रवास आणि पोट यांत ओढाताण होऊन संपतं. लाइपझिग, केम्निट्झ, माग्डेबुर्ग अशा पूर्वेकडच्या शहरांत हीच रक्कम बरीच ताणता येते. देशभरच्या लोकल गाड्यांचा मासिक पास 2026 पासून 63 युरो आहे, त्यामुळे स्वस्त गावात राहून जवळच्या शहरात मुलाखतीला जाणं परवडतं.

आरोग्य विम्यावर अर्ज सर्रास अडकतात. प्रवासी विमा चालत नाही, पूर्ण मुदतीचा दीर्घ वास्तव्याचा विमा लागतो. त्यातले स्वस्त प्लॅन आधीपासूनचे आजार, गरोदरपण आणि दातांचं मोठं काम वगळतात, म्हणून पॉलिसी वाचूनच घ्यावी. तिथे पोचल्यावर अर्धवेळ काम मिळालं आणि पगार ‘मिनीजॉब’च्या (कमी पगाराच्या छोट्या नोकरीच्या) मर्यादेपेक्षा जास्त असला, म्हणजे 2026 मध्ये महिना 603 युरोंच्या वर, तर सरकारी आरोग्य विमा लागू होतो. खासगी विम्याचा हप्ताही वाचतो आणि संरक्षणही खरं मिळतं. हे माहीत नसल्याने कितीतरी जण मिनीजॉबवरच थांबतात.

अर्ज

अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर भरायचा, मग कागद आणि बोटांचे ठसे. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वकिलातीखाली येतात. ‘मेक इट इन जर्मनी’ या सरकारी संकेतस्थळावर पात्रता फुकट तपासता येते. एजंटकडे जाण्याआधी ती दहा मिनिटं द्यावीतच.

प्रेरणापत्रात जर्मनीच्या अर्थव्यवस्थेचं कौतुक नको. कोणत्या शहरांत, कोणत्या पदांसाठी, कोणत्या कंपन्यांकडे अर्ज केले आहेत आणि काय उत्तरं आली, हे लिहावं. पूर्ण नीट अर्ज करायचं आणखी एक कारण: नकार आल्यावर वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची मोफत सोय 1 जुलै 2025 पासून बंद झाली. आता एकतर नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा.

वर्ष प्रत्यक्षात किती महिन्यांचं असतं

कागदावर बारा, कामाचे आठ-नऊ. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. तिला घरमालकाची सही असलेला दाखला लागतो. अनेक जण तात्पुरत्या खोल्या देताना ही सही देत नाहीत. नोंद नाही तर कर क्रमांक अडतो, आणि पगाराचं काम सुरू होताना तोच आडवा येतो. म्हणून खोली ठरवताना भाड्याआधी हाच प्रश्न विचारावा: नोंद करून मिळेल का?

शेवटचं टोकही कापलं जातं. ऑफर मिळाली म्हणून सोमवारी पूर्णवेळ कामाला लागता येत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून ब्ल्यू कार्ड किंवा कामाचा परवाना हाती यावा लागतो, आणि मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच आठवडे, कधी महिने जातात. कंपन्यांची निवडही संथ: तीन-चार फेऱ्या, मध्ये ऑगस्टच्या सुट्ट्या, मग नाताळ. नोकरी शोधण्यासाठीचं कार्ड वाढवून मिळत नाही. पात्रतेच्या नोकरीचा करार हाती आहे पण दुसरा परवाना बसत नाही, अशा वेळीच दोन वर्षांपर्यंतचं पुढचं कार्ड मिळू शकतं. म्हणून करार नवव्या महिन्यापर्यंत हातात हवा, आणि त्यासाठी अर्ज पाठवायला भारतातूनच सुरुवात झालेली हवी.

भाषेचा मुद्दा इथे खरा उलगडतो. इंग्रजीवर चालणाऱ्या आयटीच्या जागा आहेत, पण त्यांवर जगभरचे अर्ज पडतात. श्टुटगार्टच्या आसपासचे मध्यम कारखाने, जिथे आपल्या चाकण-भोसरीच्या अनुभवाला खरी किंमत आहे, तिथे शॉप फ्लोअरवर जर्मनच चालतं. पुण्याच्या माक्स म्युलर भवनाच्या परीक्षांच्या जागा लवकर भरतात, तेव्हा बी-1 साठी वर्षभर आधीच बसावं. ए-1 घेऊन गेलेल्या मेकॅनिकल इंजिनिअरला हे कार्ड आम्ही सुचवणार नाही.

लोक परत का येतात

पगार हे क्वचितच पहिलं कारण असतं, तरी आधी ते सांगू. वर्षाला 50 हजार युरो पगार असलेल्या एकट्या माणसाच्या हातात कर आणि विमे जाऊन महिन्याला साधारण 2,600 ते 2,700 युरो पडतात. भारतातल्या पॅकेजशी तुलना करताना हाच आकडा धरावा.

जास्त जड जातं ते घर. कुटुंबाला सोबत नेण्याची सोय या कार्डात धरूच नये, ती नोकरी लागल्यावरची गोष्ट. आईवडिलांचं तर वेगळंच आहे. 1 मार्च 2024 नंतर कुशल कामगाराचा पहिला परवाना मिळालेल्यांना आता आईवडिलांना तिथे कायमचं बोलावता येतं, असा नियम आहे. पण त्यांच्या आरोग्य विम्याची हमी द्यावी लागते, आणि सत्तरीच्या मधुमेही माणसाला परवडणाऱ्या हप्त्यात असा विमा मिळणं जवळपास अशक्य. एकुलत्या एक मुलांनी जाण्याआधी घरी ही गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी.

नोकरी न जमता परतावं लागलं तर काही कामं विसरू नयेत. खोलीची नोटीस अनेकदा तीन महिन्यांची असते, म्हणजे नववा महिना संपतानाच ती द्यावी लागते. पत्त्याची नोंद काढायची, ती निघण्याच्या आठवडाभर आधीपासून काढता येते, आणि तिचा दाखला जपून ठेवायचा. तो दाखवून रेडिओ-टीव्हीचं महिना 18.36 युरोंचं शुल्क बंद करायचं, नाहीतर बिलं येतच राहतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये उरलेली रक्कम आणि घराची अनामत परत यायला वेळ लागतो, म्हणून जर्मन बँक खातं सगळे पैसे जमा होईपर्यंत चालू ठेवावं.