एक हात मोकळा ठेवणारी चारचाकी बॅग: नातवंडांबरोबरच्या तीन वर्षांच्या प्रवासानंतर

शाळेत ३२ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर माझा प्रवास वाढला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक प्रवास नातवंडांबरोबर होतो. मुलगी एका शहरात राहते, मुलगा दुसऱ्या शहरात. सुट्टी लागली की मुलीच्या दोन्ही मुलांना त्यांच्या मामाकडे नेणे आणि सुट्टी संपता संपता परत आणून सोडणे हे काम मी स्वतः मागून घेतले आहे. नात आता दहा वर्षांची आहे, नातू सहा वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी मी हा प्रवास सुरू केला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि तो जेमतेम तीन वर्षांचा. त्याच वेळी मी केबिनमध्ये नेता येईल अशी चार चाकांची, कडक कवचाची ट्रॉली बॅग घेतली. हा अभिप्राय त्या बॅगेविषयी आहे. मी कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिचे जे गुण आणि जे दोष मला दिसले ते बहुतेक सगळे या प्रकारच्या बॅगांचे आहेत, आणि बॅग निवडताना प्रकार ठरवणे हेच अधिक महत्त्वाचे आहे.

आधी माझ्याकडे दोन चाकांची बॅग होती. ती चांगली होती, मजबूत होती आणि एकटीने प्रवास करत असताना तिच्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. पण मुले बरोबर आल्यावर तिचा एक दोष उघड झाला. दोन चाकांची बॅग तिरपी करून मागे ओढावी लागते. उजवा हात मागे, डाव्या हातात नातवाचा हात पुढे, आणि नात माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरून शेजारी, अशा अवस्थेत चालताना शरीर कंबरेपाशी पिळले जाते. शिवाय बॅग आपल्या पाठीमागे असते, तिथे ती कुणाच्या पायात येते, कुठे अडकते, हे दिसत नाही. ते पाहायला मागे वळावे तर तेवढ्या वेळात समोरच्या मुलावरची नजर हटते. पहिल्याच प्रवासात स्थानकाच्या गर्दीत मी बॅग सोडवण्यासाठी मागे वळले आणि पुढे पाहिले तर नातू चार पावले दूर गेलेला. तो लगेच सापडला, पण त्या चार पावलांची आठवण अजूनही नकोशी वाटते. घरी पोहोचल्यावर मी ठरवले की माझे सामान माझ्या शेजारी चालले पाहिजे, मागे नाही.

चार चाकांची बॅग नेमके हेच करते. तिची चारही चाके आपापल्या उभ्या आसाभोवती पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे ती उभीच्या उभी पुढे, मागे, आडवी, कशीही ढकलता येते. बॅग तिरपी केली की तिच्या वजनाचा काही भाग हातावर आणि खांद्यावर येतोच. ती उभी राहिली की सगळे वजन चाकांवर जाते आणि हाताला फक्त दिशा देण्याचे काम उरते. गुळगुळीत फरशीवर मी ती दोन बोटांनी ढकलते. माझा उजवा खांदा दोन वर्षे आखडलेला होता आणि व्यायामाने कसाबसा मोकळा झाला आहे, त्यामुळे हा फरक मला पहिल्या दिवसापासून जाणवला. त्याहून मोठा फायदा म्हणजे बॅग उजव्या पायाशी, नातू डाव्या हाताशी, आणि दोघेही माझ्या नजरेच्या टप्प्यात.

चाकांची बॅग ही तशी अलीकडची गोष्ट आहे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. अमेरिकेतल्या बर्नार्ड सॅडो यांना ती कल्पना १९७० मध्ये सुचली, तीही कुटुंबासह सुट्टीवरून परतताना, दोन जड बॅगा उचलून विमानतळावर उभे असताना; तिथला एक कामगार चाकांच्या पाटावरून अवजड यंत्र सहज ढकलत नेताना त्यांना दिसला. पेटंट १९७२ मध्ये मिळाले. त्यांच्या बॅगेला चार चाके होती, पण ती पट्ट्याने ओढायची होती. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी बॅग, दोन चाके आणि लांब दांडा अशी रचना केली आणि ती आधी विमान कर्मचाऱ्यांमध्ये रुळली. माझी जुनी बॅग त्याच वंशातली. एकट्याने झपाझप चालणाऱ्या माणसासाठी ती रचना आजही उत्तम आहे, असे माझे मत आहे.

आता दांड्याविषयी, कारण दुकानात बॅग पाहताना बहुतेक लोक रंग आणि कप्पे पाहतात, दांडा पाहत नाहीत. बॅग शेजारून ढकलायची असेल तर दांड्याची मूठ कोपराच्या थोडी खाली यायला हवी. माझ्या बॅगेचा दांडा तीन उंचींवर थांबतो आणि मधली उंची मला बरोबर बसते. ज्या दांड्याला एकच उंची असते तो बुटक्या माणसाला खांदा उचलायला लावतो आणि उंच माणसाला वाकायला लावतो. मुठीखालचे बटण हीसुद्धा तपासून घेण्याची गोष्ट आहे. माझ्या अंगठ्याचे सांधे सकाळी सुजलेले असतात. हे बटण रुंद आणि तळव्याने दाबता येण्याजोगे आहे, म्हणून ते मला जमते. त्याच दुकानात मी पाहिलेल्या दुसऱ्या एका बॅगेचे बटण इतके अरुंद आणि ताठ होते की ते नातीने दाबून दिले. वरच्या आणि बाजूच्या उचलण्याच्या पट्ट्या मऊ आहेत, याचाही उपयोग होतो, कारण बॅग कितीही चांगली चालली तरी दिवसातून दोनदा ती उचलावी लागतेच.

उचलण्यावरून वजनाचा मुद्दा येतो आणि इथे चारचाकी बॅग कमी पडते. माझी बॅग रिकामी २.७ किलोची आहे. अनेक विमान कंपन्या केबिनमधल्या बॅगेला ७ किलोची मर्यादा घालतात, म्हणजे सामानासाठी ४.३ किलो उरतात. जागेचेही तसेच. बाहेरून मोजली तर बॅग ५५ सेंटिमीटर उंच, ३६ रुंद आणि २३ जाड आहे. या मापांचा गुणाकार ४५ लिटरच्या पुढे जातो, पण आत प्रत्यक्षात सामावते ३८ लिटर. उंचीतले जवळजवळ ५ सेंटिमीटर चाकेच खातात, कारण ती दोनचाकी बॅगेसारखी कोपऱ्यात दडलेली नसतात, खाली बाहेर आलेली असतात. एका माणसाचे चार दिवसांचे कपडे, दोन मुलांचा एकेक जादा जोड, एक पातळ चादर, औषधे आणि गोष्टींची दोन पुस्तके एवढ्यात माझी बॅग भरते. मुलांचे बाकीचे कपडे दोन्ही घरी ठेवायला मी सुरुवात केली आणि तेव्हापासून वजनाची ओढाताण थांबली.

कवच पॉलिकार्बोनेटचे आहे. चष्म्याच्या भिंगांसाठी आणि हेल्मेटच्या पुढच्या काचेसाठी वापरतात तेच हे द्रव्य. ते दाब आल्यावर लवचिकपणे आत जाते आणि पुन्हा बाहेर येते. एबीएस प्लास्टिकच्या स्वस्त बॅगांना जोरात धक्का बसला तर त्या तडकण्याची शक्यता अधिक असते. तीन वर्षांत माझ्या बॅगेवर ओरखडे पुष्कळ पडले, तडा एकही नाही. कडक कवचाचा त्रास वेगळाच आहे. बॅग मधोमध उघडते आणि दोन्ही अर्धे भाग जमिनीवर पसरावे लागतात, त्यासाठी दुप्पट जागा लागते. अरुंद खोलीत पलंग आणि भिंत यांच्यामध्ये ती पूर्ण उघडत नाही, आणि गाडीत किंवा स्थानकावर ती उघडणे म्हणजे सगळे सामान चारचौघांत मांडणे.

म्हणूनच पुढच्या बाजूला वेगळा कप्पा असलेली बॅग घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. हे मला अनुभवातून कळले. एकदा विमान पूर्ण भरले असल्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याने माझी बॅग खालच्या सामानात टाकण्यासाठी मागून घेतली. बॅगेत पॉवर बँक होती, आणि लिथियम बॅटरीची पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही. ती साधारण १०० वॉट-तासांपर्यंतची (हे तिच्यात साठणाऱ्या विजेचे माप) असेल तर केबिनमध्ये स्वतःजवळच ठेवायची असते. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आत होत्या, आणि मुलांच्या आईवडिलांनी सही करून दिलेले संमतिपत्रही आत होते. आईवडील बरोबर नसताना मुलांना दुसऱ्या देशात न्यायचे तर असे पत्र अनेक ठिकाणी विचारतात. रांग मागे थांबलेली, मी गुडघ्यांवर बसून बॅग उघडलेली, आणि नात एका हाताने भावाला धरून दुसऱ्या हाताने मला एकेक वस्तू ओळखून देत होती. तिने त्या दिवशी फार शहाणपणाने मदत केली. तेव्हापासून कागदपत्रे, औषधे, पॉवर बँक आणि १०० मिलिलिटरच्या आतल्या छोट्या बाटल्या एकाच चपट्या पिशवीत पुढच्या कप्प्यात असतात आणि मागताक्षणी बाहेर निघतात. तीन आकड्यांचे कुलूप बॅगेला आहे. त्याच्या हजार जुळण्यांपैकी आमचे आकडे मुलांनी ठरवले आहेत, आणि ते मी विसरले तरी ती दोघे विसरत नाहीत.

या बॅगेचा सर्वांत गंभीर दोष असा की ती थांबत नाही. सपाट दिसणाऱ्या जमिनीलाही बहुधा उतार असतो आणि तो आपल्याला कळण्याआधी चार मोकळ्या चाकांना कळतो. एका उतरत्या वाटेवर नातवाच्या बुटाची नाडी बांधायला मी खाली बसले, बॅग शेजारी उभी केली, आणि ती संथपणे निघाली. आवाज झाला नाही. नात ओरडली तेव्हा ती दहा-बारा पावले गेली होती आणि एका गृहस्थांनी पाय आडवा घालून ती अडवली. रेल्वेच्या फलाटावर हे घडले असते तर काय झाले असते, हा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होते. आता थांबायचे असेल तर मी बॅग आडवी पाडते, किंवा उताराला काटकोनात वळवून पायाला टेकवते. रेल्वेच्या डब्यातही ती आडवीच ठेवावी, नाहीतर ब्रेक लागला की दोन बाकांमधून धावत सुटते. काही बॅगांच्या चाकांना ब्रेकची कळ असते. मुलांबरोबर प्रवास करणाऱ्यांनी ती असलेली बॅग जरूर पाहावी. पुन्हा घेताना मी तीच घेईन.

खडबडीत रस्त्यावर, दगडी फरसबंदीवर आणि जाड गालिच्यावर चाके लहान असल्यामुळे अडतात. तिथे बॅग तिरपी करून दोन चाकांवर ओढायची, म्हणजे थोडा वेळ जुन्या बॅगेची सवय परत आणायची. लिफ्टच्या उंबरठ्यावरची फट ओलांडताना बॅग किंचित उचलावी.

मुले बॅगेवर बसायचा हट्ट धरतात. माझा नातू साडेतीन वर्षांचा असताना त्यावर बसून फिरायला अगदी उत्सुक असे, आणि त्याचा चेहरा पाहून मनाला मोह होई. मी त्याला बसू दिले नाही. बॅगेचा तळ अरुंद असतो, मूल वर बसले की वजन वरच्या टोकाला जाते आणि एक चाक कशाला तरी अडताच बॅग उलटते. त्याऐवजी मी त्याला काम दिले: बॅगेच्या बाजूची पट्टी धरून तिला रस्ता दाखवायचा. हे काम तो आजही मन लावून करतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक चाक कुरकुरायला लागले. बॅग उलटी करून पाहिले तर आसाभोवती केसांचा आणि दोऱ्यांचा घट्ट वेढा बसला होता. चिमट्याने आणि लहान कात्रीने तो काढायला अर्धा तास लागला, आणि त्यातला सर्वांत लांब केस नातीचा होता. हे दर सहा महिन्यांनी करावे. यानंतर मात्र खरी अडचण आली. चार महिने बॅग कपाटावर पडून होती आणि खाली काढली तेव्हा चाकांवरचा मऊ थर बोटाला लागताच भुग्यासारखा सुटू लागला. पॉलियुरेथेनचा असा थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो आणि वापराविना पडून राहिला तरी झिजतो. ज्या दुकानातून बॅग घेतली तिथे सुटी चाके मिळत नाहीत, नवीन बॅग घ्या, असे सांगण्यात आले. कवच, दांडा आणि चेन उत्तम अवस्थेत असताना केवळ चाकांसाठी संपूर्ण बॅग टाकून द्यायची, हे मला पटले नाही आणि वाईट वाटले. शेवटी बॅगा दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने जुने रिव्हेट (कायमचे ठोकून बसवलेले धातूचे खिळे) कापून बेअरिंगची चाके स्क्रूने बसवून दिली. ती मूळ चाकांपेक्षाही शांत चालतात. म्हणून विकत घेताना चाके रिव्हेटने ठोकलेली आहेत की स्क्रूने बसवलेली, हे बॅग उलटी करून पाहा आणि सुटी चाके मिळतात का ते तिथेच विचारा.

ज्यांच्या घराला जिने आहेत आणि लिफ्ट नाही, किंवा ज्यांचा प्रवास मुख्यतः कच्च्या रस्त्यांवरून आहे, त्यांनी ही बॅग घेऊ नये. त्यांना मोठ्या चाकांची दोनचाकी किंवा हलकी पाठपिशवी अधिक सोयीची पडेल. स्थानके, विमानतळ आणि पक्क्या वाटा हाच ज्यांचा मार्ग आहे आणि ज्यांच्या एका हातात लहान मुलाचा हात असतो, त्यांना मी ती निःशंकपणे सुचवते.

येत्या सुट्टीत आम्ही तिघे पुन्हा निघणार आहोत. नातीने या वेळी स्वतःची लहान चारचाकी बॅग मागितली आहे. ती घेताना दांड्याची उंची तिच्या कोपराशी मापून पाहिली आणि चाके उलटी करून दाखवायला तिनेच दुकानदाराला सांगितले.