देणगी रुग्णाला द्यावी की संशोधनाला?

बोनसमधून काही रक्कम बाजूला काढली, की हा प्रश्न येतोच. लोकलमधून पडून डोक्याला मार बसलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला दिली, तर पैसा कुठे गेला ते दिसतं: सीटी स्कॅन, आयसीयू, पुढे महिनोन्महिने फिजिओथेरपी. परळला केईएमबाहेर पथारी टाकून बसलेल्या नातेवाइकांना नाही म्हणवत नाही, आणि म्हणूही नये.

संशोधनाचा पैसा असा दिसत नाही. पण डोक्याच्या दुखापतीत वर्षानुवर्षं स्टेरॉइड दिली जायची. दहा हजारांवर रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीने २००४ मध्ये दाखवलं, की स्टेरॉइडमुळे मृत्यू वाढतात. चाचणीच झाली नसती तर? चांगल्या हेतूने तेच चालू राहिलं असतं! पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं, हेही चाचण्यांतूनच ठरलं.

समोर रुग्ण अडलेला असेल तर आधी तो. एरवी मोठा वाटा मी संशोधनाला देईन. त्याच्यासाठी दारात येऊन मागणारं कुणी नसतं. करसवलत मात्र प्राप्तिकर खात्याची त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेला दिलं तरच, तीही जुन्या करप्रणालीत. ती हवी असेल तर दोन हजारांवर रोख देऊ नका. आणि संस्थेला जरूर विचारा, निष्कर्ष प्रतिकूल आले तरी प्रसिद्ध करता का?