फेसलिफ्टनंतरची सेकंडहँड गाडी, बरेच महिने वापरून: सगळं ठीक, पण डिपस्टिक कुठाय?

कंपनीचं नाव लिहीत नाही. वर्कशॉपशी चाललेला वाद अजून पुरता मिटलेला नाही, आणि नाव घेतलं की बोलणं इंजिनावरून लोगोवर जातं. टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं), ऑटोमॅटिक, पिढीच्या उत्तरार्धातली म्हणजे फेसलिफ्टनंतरची (मॉडेलच्या मध्यावर कंपनी जे सुधारून आणते ते फेसलिफ्ट), एवढं पुरे. ॲव्हरेज, डिकी, सीट यांवर मी काही लिहिणार नाही. ते तुम्ही वाचलेलंच असणार.

घेताना माझा हिशेब सरळ होता. नवी पिढी आली की पहिली दोन वर्षं तिच्या वाटेला जायचं नाही. नव्याची हौस असलेल्यांनी वॉरंटीत दुखणी शोधून काढायची, कंपनीने भाग सुधारायचे, फेसलिफ्ट यायचं, आणि त्यानंतरची गाडी पुढे कधीतरी आपण निम्म्याहून कमी किमतीत उचलायची. चिक्कू माणसासाठी याहून चांगला नियम नाही, आणि तो हवेतलाही नाही. मर्सिडीजची डब्ल्यू२११ ई-क्लास २००२ मध्ये आली ती सेन्सोट्रॉनिक नावाचे इलेक्ट्रॉनिक ब्रेक घेऊन. त्याचं पंप युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजायचं आणि आकडा भरला की 'मला बदला' म्हणून दिवा लावायचं. रिकॉल झाले, आणि २००६ च्या फेसलिफ्टमध्ये कंपनीने ती यंत्रणाच काढून साधे हायड्रॉलिक ब्रेक परत आणले. दुसऱ्या पिढीच्या मिनीत, म्हणजे आर५६ मध्ये, कूपर एसचं एन१४ इंजिन टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व वेळेवर उघडणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरपायी बदनाम झालं. थंड इंजिन सुरू केलं की समोरून खडखड. २०१० च्या फेसलिफ्टला तिथे एन१८ आलं. पोर्शे ९११ चंही तसंच: ज्या आयएमएस (इंजिनातला इंटरमीडिएट शाफ्ट) बेअरिंगच्या धास्तीने लोक ९९६ ला हात लावत नाहीत, तो शाफ्टच ९९७ च्या उत्तरार्धातल्या, २००९ पासूनच्या इंजिनात नाही.

तर या नियमाने गाडी घेतली आणि सुरुवातीचे महिने मजेत गेले. थंड सुरुवातीला चेनचा आवाज नाही, गिअरबॉक्स पहिल्या-दुसऱ्यात झटका देत नाही. या पिढीच्या पहिल्या लॉटच्या गाड्यांना जे जे व्हायचं त्यातलं काहीच माझ्या गाडीला नव्हतं. मग पिवळा दिवा लागला: ऑइल एक लिटर घाला.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या गाडीला डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची ओढून काढायची पट्टी, नाही.

हे विकत घेण्याआधी माहीत होतं, पण त्याचा अर्थ दिवा लागल्यावर कळतो. बॉनेट उघडलं, कापड हातात घेतलं, आणि ओढायला काहीच नाही. ऑइल बघायचं तर स्क्रीनच्या तिसऱ्या मेन्यूत जा. इंजिन तापलेलं पाहिजे, गाडी सपाट जागेवर पाहिजे, थोडा वेळ थांबलं पाहिजे, आणि एवढं सगळं केल्यावर एक हिरवी पट्टी दिसते. कधी दिसते, कधी 'सध्या मोजता येत नाही' असं लिहून येतं. जर्मन कंपन्यांनी हा उद्योग दीड-दोन दशकांपूर्वी सुरू केला आणि त्याला प्रगती म्हटलं. डिपस्टिक नुसती पातळी सांगत नाही. ऑइलचा रंग दिसतो, बोटांवर चोळून कचकच लागते का कळतं, पेट्रोलचा वास येतो का कळतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत थंडीतल्या छोट्या फेऱ्यांनी पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, तेव्हा पातळी वाढलेली दिसते. हिरव्या पट्टीला रंग, कचकच, वास यांतलं काही कळत नाही. सेकंडहँड गाडी बघायला गेल्यावर माणूस पहिली कुठली गोष्ट करतो? डिपस्टिक ओढतो. तीच काढून घेतली. विकणारा म्हणतो "ऑइल फुल आहे," आणि आपण पट्टीकडे बघून मान डोलवायची.

खरा राग याच्यापुढे आहे. माझ्या इंजिनात डिपस्टिकची नळी आहे! वर रबरी बूच बसवलंय. वर्कशॉपच्या ड्रॉवरमध्ये त्या नळीत घालायची लांब पट्टी आहे, खुणांसकट. ती मेकॅनिकसाठी. मोजायची सोय केली, फक्त मालकाला दिली नाही.

वर्कशॉपचं उत्तर अर्थातच ठरलेलं होतं: हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल जाणं नॉर्मल, मॅन्युअलमध्ये आहे. आहेच. पण हाच आकडा मी दुसरीकडे वाचला होता. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात, २००७ ते २००९ च्या कॅमरीसारख्या गाड्यांत, पिस्टनवरच्या ऑइल रिंगमागे कार्बन साचून ऑइल जळायचं. अमेरिकेत टोयोटाने कसोटी ठेवली १२०० मैलांना एक क्वार्ट. त्याहून जास्त गेलं तर पिस्टन आणि रिंग कंपनीच्या खर्चाने बदलायच्या. १२०० मैल म्हणजे सुमारे १९३० किलोमीटर आणि क्वार्ट म्हणजे जवळपास ०.९५ लिटर. भागाकार करा. हजार किलोमीटरला अर्धा लिटरच येतो. एका कंपनीने ज्या आकड्यापुढे इंजिन उघडून दिलं, तो आकडा दुसऱ्या कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तब्येत उत्तम असल्याचा दाखला आहे. हे मी ॲडव्हायझरला कागदावर मांडून दाखवलं. तो म्हणाला, "सर, ती टोयोटा आहे."

मग ऑइल कन्झम्प्शन टेस्ट. ऑइल भरून बूच, फिल्टर, ड्रेन प्लग सील करतात, ठरलेलं अंतर चालवायला लावतात आणि परत आणल्यावर किती उरलं ते मोजतात. निकाल मर्यादेच्या जरा खाली. म्हणजे नॉर्मल, म्हणजे घरी जा. पिस्टनचं काम स्वखर्चाने करायचं तर गाडीच्या किमतीचा मोठा लचका जाणार. त्यापेक्षा वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले तर पाच लिटर ऑइल, म्हणजे साधारण आणखी एक इंजिनभर. डब्याने विकत घेतलं तर पिस्टनच्या खर्चात कित्येक वर्षं निघतात. मी डबा घेतला आणि डिकीत ठेवला. जळलेलं ऑइल धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं हे माहीत आहे, पण त्याचं बिल यायला वेळ आहे.

इथे माझ्या लाडक्या नियमाला शेपूट जोडावं लागलं. माझी गाडी फेसलिफ्टनंतरची आहे हे खरं, पण त्या फेसलिफ्टला कंपनीने इंजिनही बदललं होतं. बॉडी पाच वर्षं मुरलेली, इंजिन पहिल्या वर्षाचं. बॉडीची पिढी आणि इंजिनाची पिढी वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, आणि जाहिरातीत नेहमी बॉडीचीच पिढी सांगतात. हे एकदा डोक्यात बसलं की जुन्या गाड्यांच्या सगळ्या याद्या वेगळ्या दिसायला लागतात.

सुबारू फॉरेस्टरची तिसरी पिढी बघा. अमेरिकेत २००९ आणि २०१० च्या गाड्यांना ईजे२५ इंजिन: टायमिंग बेल्ट, आणि हेड गॅस्केटमधून (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) बाहेर झिरपण्याची जुनी खोड. २०११ ला त्याच बॉडीत एफबी२५ आलं. बेल्ट गेला, चेन आली, गॅस्केटची खोड सुटली आणि ऑइल जळायला लागलं. प्रकरण सामूहिक दाव्यापर्यंत गेलं, २०१६ मध्ये तडजोड झाली. म्हणजे पिढी एकच, अर्ध्या गाड्यांना एक आजार आणि अर्ध्यांना दुसरा. 'तिसरी पिढी चांगली का?' या प्रश्नाला उत्तरच नाही. बीएमडब्ल्यूची ई९० थ्री सिरीज त्याहून वाईट. ३२०डी आधी एम४७ इंजिनावर होती, २००७ मध्ये एन४७ आलं. एन४७ ची टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. ती सैल झाली की आवाज मागून येतो आणि तिथे पोचायला गिअरबॉक्स तरी उतरवा नाहीतर इंजिन. इथे तर नवं इंजिन टाळून जुनं शोधायचं, माझ्या नियमाच्या बरोब्बर उलट.

होंडाचं उदाहरण वेगळ्या कारणासाठी आवडतं. २००६ ते २००८ आणि २००९ च्या सुरुवातीच्या सिव्हिकमध्ये १.८ लिटर इंजिनाचा ब्लॉक तडकून कूलंट गळायचा, आणि होंडाने त्या ब्लॉकची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली होती. '२००९ च्या सुरुवातीच्या' हे शब्द लक्षात घ्या. रजिस्ट्रेशनचं वर्ष इथे निरुपयोगी आहे. दाराच्या खांबावरच्या पट्टीवर बनावटीचा महिना असतो, तो वाचावा लागतो.

गिअरबॉक्सचंही तेच. 'डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) घेऊ का?' असं विचारणाऱ्याला मी आधी कुठली ते विचारतो. सात गिअरची ड्राय क्लचवाली डीक्यू२०० आणि सहा गिअरची ऑइलमध्ये बुडालेली डीक्यू२५० यांत नावापलीकडे फार साम्य नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने ड्राय क्लचवाल्या गाड्या जगभर परत बोलावून त्यांचं सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल घातलं. फोर्डच्या पॉवरशिफ्ट या तशाच गिअरबॉक्सची तीच गत: २०१२ ते २०१६ च्या फोकसमधली ड्राय क्लचवाली थरथरण्यासाठी कुप्रसिद्ध, ऑइलमधली त्या मानाने बरी. ऑइलमध्ये बुडालेलं म्हणजे चांगलं असाही नियम करू नका. टायमिंग बेल्ट ऑइलमध्ये बुडवण्याची हुशारी प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये झाली. बेल्टचे तुकडे सुटून ऑइल पंपाची जाळी बुजते. तिथे निदान ऑइल भरायच्या तोंडातून मापक घालून बेल्ट फुगलाय का बघता येतं, म्हणजे विकत घेण्याआधी पाच मिनिटांत कळतं. मापक घालून बघता येणं ही केवढी चैन आहे, हे डिपस्टिक नसलेल्यालाच कळतं.

आणि आता आनंदाची बातमी. हा मजकूर मी गाडी विकण्याच्या बेतात असताना लिहायला घेतला होता, पण मध्येच परिस्थिती बदलली. एका गॅरेजवाल्याने, ज्याच्याकडे मी फक्त ब्रेक पॅडसाठी गेलो होतो, इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायचा प्रयत्न केला. झाकण हलेना. आतून ओढून धरल्यासारखं. जोर लावून काढलं तर बारीक शिट्टी थांबली आणि आयडलिंग डगमगलं. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "पीसीव्हीचा पडदा फाटलाय." पीसीव्ही म्हणजे क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या भागातली) वाफ परत इनटेककडे, हवा आत घेणाऱ्या नळीकडे, नेणारा व्हॉल्व. त्यातला रबरी पडदा फाटला की इनटेक मोकळेपणाने ओढायला लागतो, आणि वाफेबरोबर ऑइलही सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. ती शिट्टी मी कित्येक आठवडे टर्बोची समजून कौतुकाने ऐकत होतो.

भाग बदलला, आणि आता दोन सर्व्हिसच्या मध्ये एखाददुसरी टॉप-अप लागते. रिंगमधून थोडं जात असणारच, पण पिवळा दिवा पुन्हा लागलेला नाही. सीलबंद टेस्ट करणाऱ्या, पानभर रिपोर्ट देणाऱ्या अधिकृत वर्कशॉपला झाकण हाताने फिरवून बघायचं सुचलं नाही. टेस्टचे पैसे परत मागितलेत. उत्तर आलेलं नाही.

तेव्हा गाडीबद्दलचं मत वर नेतोय. इंजिन ओढायला मस्त आहे, गिअरबॉक्स गुळगुळीत, आणि फेसलिफ्टनंतरचे बाकी सगळे सुधारित भाग आपलं काम करताहेत. घेणाऱ्यांनी बॉडीचा आकार विसरून इंजिनाचा कोड आणि बनावटीचा महिना विचारावा, जुन्या बिलांवर बदललेल्या भागाचा नंबर बघावा. बऱ्याच कंपन्यांच्या सुधारित भागाच्या नंबरात शेवटचं अक्षर बदललेलं असतं, आणि 'टेन्शनर बदललाय' या वाक्यापेक्षा ते अक्षर जास्त सांगतं. झाकण मात्र इंजिन चालू असताना जरूर फिरवून बघा. त्याला पैसे पडत नाहीत.

डिपस्टिकबद्दलचं मत वर गेलेलं नाही. बाहेरच्या कंपनीची, त्या बुचाच्या नळीत बसणारी एक मागवली. ऑइल बदलताना बरोबर मापाने भरलं, गाडी सपाट उभी करून पट्टी आत घातली आणि जिथे ऑइल लागलं तिथे कानशीने खूण केली. आता गरम इंजिन, मेन्यू, थांबणं, काही नाही. हिरवी पट्टी आणि माझी खूण यांत थोडा फरक येतो. मी खुणेवर विश्वास ठेवतो.

सध्या लक्ष थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगवर आहे. जोडावर गुलाबी पापुद्रा दिसायला लागलाय, म्हणजे कूलंट झिरपून वाळतोय. हा या इंजिनाचा ठरलेला पुढचा आजार, आणि सुधारित हाउसिंग आलेलं आहे. ते बदलायला इनटेक उतरवावा लागतो. वॉल्ववरचा कार्बन साफ करायलाही तोच उतरतो, म्हणून दोन्ही कामं एका मजुरीत होईपर्यंत थांबणार आहे. तोवर कूलंटची टाकी रोज बघतो. ती निदान पारदर्शक आहे.