पडद्यावरची आडनावे : टाळेबंदीतील एका अभ्यासवर्गाविषयी

सामाजिक न्याय शिकवणाऱ्या एका संस्थेच्या निवासी शिबिरात पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक बिल्ला मिळत असे आणि त्यावर फक्त स्वतःचे नाव लिहायचे, आडनाव लिहायचे नाही, असा नियम असे. आपल्याकडे आडनाव कळले की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही, हे ज्यांनी सोसले आहे त्यांना त्या नियमाचे मोल सांगायला नको. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, मे महिन्यातील शिबिर रद्द झाले आणि जूनमध्ये संस्थेने तोच अभ्यासक्रम बारा शनिवारांच्या वर्गांत बसवून झूमवर आणला. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. पूर्वी एकदा शिबिर केलेले असल्यामुळे हा वर्गही आवर्जून केला.

पडद्यावर येताना तो बिल्ला मागे राहिला. प्रत्येक चौकटीखाली पूर्ण नाव आडनावासह झळकत होते; फोन वडिलांचा किंवा भावाचा असेल तर त्यांचे. आमच्या गटातील एका मुलीने तीन शनिवार कॅमेरा सुरू केला नाही आणि एक शब्दही उच्चारला नाही. चौथ्या आठवड्यात कोणीतरी ही गोष्ट संयोजकांच्या लक्षात आणून दिली, तेव्हा त्यांनी वर्ग थांबवून सर्वांना चौकटीखाली फक्त नाव आणि गाव लिहायला सांगितले, आणि कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्तीही त्याच दिवशी काढून टाकली. त्या संध्याकाळी ती मुलगी पहिल्यांदा बोलली, ते गावातल्या नळाविषयी. सामाजिक न्याय शिकवणाऱ्या संस्थेला हे सुचायला तीन आठवडे लागावेत, ही या वर्गातील सर्वांत मोठी उणीव मी मानते.

सुरुवातीच्या वर्गांची रचनाही चुकली होती. सलग दोन तास व्याख्यान आणि शेवटी पाच मिनिटे प्रश्न, ही रीत सभागृहात कशीबशी चालते. पत्र्याच्या खोलीत, इयरफोनचा एक बोंडा कानात आणि दुसरा धाकट्या बहिणीच्या कानात असताना ती चालत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार इंटरनेटची सोय शहरी भागात सुमारे ४२ टक्के आणि ग्रामीण भागात जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे होती, म्हणजे ज्यांच्यासाठी हा अभ्यासक्रम प्रामुख्याने आहे तेच दाराबाहेर राहण्याचा धोका होता. संयोजकांनी तक्रारी मनावर घेतल्या, हे मात्र मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पाचव्या आठवड्यापासून व्याख्यानाऐवजी पंधरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि चार पानांचा उतारा व्हॉट्सअ‍ॅपवर येऊ लागला, झूमवर पाऊण तास केवळ चर्चा होऊ लागली आणि ज्यांचे नेट पुरत नव्हते त्यांना रविवारी कार्यकर्ते साधा फोन करून चर्चेत घेऊ लागले. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात खरे, पण ती जड फाइल स्वस्त फोनवर उघडेपर्यंत दिवसाचा डेटा संपतो. म्हणूनच त्या चार पानांची किंमत मोठी होती.

सहाव्या वर्गाचा विषय ‘अंतर’ हा होता. ‘सामाजिक अंतर पाळा’ हे वाक्य तेव्हा दिवसातून दहा वेळा कानावर पडत होते. ज्या समाजात कोणी कोणापासून किती लांब उभे राहायचे हे जन्मानेच ठरवले होते, तिथे हा शब्द कसा ऐकू येतो आणि ‘शारीरिक अंतर’ म्हणणे का बरे, यावर झालेली चर्चा मी विसरणार नाही. त्यालाच जोडून सावित्रीबाईंचा १८९७ सालच्या प्लेगमधला प्रसंग आला: हडपसरजवळ त्यांच्या दत्तक मुलाने, यशवंताने, उघडलेल्या दवाखान्यात रुग्ण पोहोचवताना त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शाळेत हा प्रसंग मी अनेकदा शिकवला आहे. संसर्गाच्या भीतीने शेजारची दारे बंद झालेली पाहिल्यावर तो मला नव्याने कळला.

यानंतर महाडचा वर्ग झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला आणि न्यायालयातील वाद १९३७ पर्यंत चालला. हे सांगून झाल्यावर प्रत्येकाला आपल्या वस्तीच्या पाण्याचा नकाशा काढायला दिला: विहीर कुठे, नळ कुठे, टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो, हंडा कोण उचलते. निवासी शिबिरात हे शक्यच नव्हते, कारण तिथे सगळे आपापल्या गावापासून लांब आलेले असत. वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेले ते नकाशे पडद्यावर एकामागून एक येऊ लागले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. वर्ग घरी असण्याचा खरा लाभ इथे दिसला.

एक प्रयोग मात्र पुन्हा करू नये. शिबिरात आम्ही पाळीपाळीने भाकरी थापायचो आणि एका पंगतीत जेवायचो. त्याची आठवण म्हणून एका शनिवारी सर्वांनी ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर बसायचे ठरले. हेतू चांगला होता. पण त्या महिन्यांत कित्येक घरांतले काम बंद होते, आणि कोणाच्या ताटात काय आहे हे चौकटीत स्पष्ट दिसत होते. दोघांनी ‘नेट गेले’ असे लिहून वर्ग सोडला. पंगतीत अन्न एकाच भांड्यातून वाढले जाते, ही त्यातली मुख्य गोष्ट पडद्यावर आणता येत नाही.

शुल्क तीनशे रुपये होते आणि विनंती केल्यास माफ होत होते, ते मला वाजवी वाटले. शिक्षकांनी हा वर्ग जरूर करावा. संस्थेकडे एकच मागणी आहे: सहभागी स्वतःचे अनुभव सांगतात त्या भागाचे ध्वनिचित्रमुद्रण करू नये. आमच्या वर्गातील एक मुद्रण गटातून बाहेर गेले आणि ज्याचा तो अनुभव होता त्याला ते गावातल्याच एका माणसाकडून कळले. त्यानंतरच्या तीन वर्गांना तो आला नाही.